यादीतला तिसरा शब्द

माझ्यावर आरोप एकच आहे: मी एक शब्द लिहिला. रुग्णाच्या कागदावर, निळ्या शाईने, माझ्या स्वतःच्या अक्षरात, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. शब्द चुकीचा होता असं कुणीच म्हणत नाही. ज्या सर्जननी पोट उघडून आत पाहिलं, तेही म्हणत नाहीत. तरी मला नोटीस आली. नोटिशीत तो शब्द अवतरणचिन्हांत घातलाय, जणू मी कुणाला शिवीच हासडली होती.

पेरिटोनायटिस. हा तो शब्द. आमच्या छापील फॉर्मवर त्याला उदरावरणदाह म्हणतात, आणि तो फॉर्म भरणाऱ्या दहापैकी नऊ जणांची उच्चारताना बोबडी वळते. अर्थ मात्र साधा आहे. पोटात आतड्यांभोवती एक आवरण असतं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. आतडं किंवा अपेंडिक्स फुटलं आणि आतली घाण त्या आवरणावर सांडली, की ते पेटतं. मग पोटाचे स्नायू आखडतात आणि वरून हात लावला तर पोट फळीसारखं लागतं. लवकर उघडून साफ केलं तर माणूस वाचतो. वेळ घालवला तर विष रक्तात जातं आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही. एकोणतीस वर्षं परिचारिका असलं तरी पुरतं.

मी तातडीच्या विभागात, दाराजवळच्या काउंटरवर बसते. आलेल्या माणसाचा कागद करायचा, नाडी, ताप, बीपी बघायचं आणि कागद तीनपैकी एका ट्रेमध्ये टाकायचा: लाल, पिवळा किंवा हिरवा. लाल ट्रेकडे डॉक्टर धावत येतात, पिवळ्याकडे चालत येतात, आणि हिरव्याकडे आले तर येतात. माझ्या डोक्यामागे भिंतीवर काचेच्या चौकटीत पाच शब्दांची यादी लावलेली आहे. पाच आजार. त्यातला कुठलाही एक कागदावर लिहिला गेला, की दहा मिनिटांत सर्जनना बोलवायचंच, मग ते जेवत असोत की झोपलेले असोत. पेरिटोनायटिस त्या यादीत तिसरा आहे.

पूर्वी ते शब्द आम्ही सिस्टरही लिहायचो. दोन वर्षांपूर्वी एका नव्या सिस्टरने यादीतला पहिला शब्द लिहिला. सर्जन पाहुण्यांबरोबरची बैठक सोडून धावत आले आणि निघाला नुसता गॅस. सर्जन भडकले अधीक्षकांवर, अधीक्षक भडकले आमच्यावर. आठवड्याच्या आत परिपत्रक निघालं: निदानवाचक संज्ञांचा वापर फक्त डॉक्टरांनी करावा, परिचारिकांनी रुग्णाची तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी आणि त्याला वेदनेचा आकडा विचारावा, एक ते दहा. सात आणि वर असेल तर लाल, चार ते सहा पिवळा, तीन आणि खाली हिरवा. आकड्यापुढे रुग्णाची सही घ्यायची, म्हणजे सिस्टरने आपल्या मनाचा आकडा घुसडायला नको.

आमच्या अधीक्षकांना परिपत्रकांची इतकी हौस आहे, की आम्ही त्यांनाच 'परिपत्रक' म्हणतो. परिपत्रक आले, परिपत्रक चहाला गेले, आज परिपत्रकांचं काही खरं नाही. त्या दिवशीही आम्ही हसून घेतलं आणि खाली 'वाचले' लिहून सह्या ठोकल्या. माझीही सही आहे त्यावर, चांगली ठसठशीत.

पहिल्याच महिन्यात मी तो नियम एकदा मोडला आणि मला लेखी ताकीद मिळाली. पुन्हा घडलं तर काउंटरवरून उचलून कपड्यांच्या भांडारात पाठवू, असं तीत स्पष्ट लिहिलं होतं. मी तोंडाची फटकळ आहे, नाकावर माशी बसू देत नाही, सगळे मला वचकून असतात. पण खरं सांगते, त्या ताकिदीनंतर मी घाबरले. जवळजवळ दोन वर्षं मी रुग्णांचे शब्द लिहीत बसले. 'पोटात कसंतरी होतंय.' 'छातीत काहीतरी बसल्यासारखं वाटतंय.' 'काय होतंय ते सांगता येत नाही.' हे सगळं अवतरणचिन्हांत, खाली आकडा आणि त्यापुढे सही.

त्या मंगळवारी सकाळी एक बस रस्त्याकडेला कलंडली होती. अठरा जखमी एकदम आले. डॉक्टरबाई एकट्या ड्युटीवर होत्या आणि चारही बाजूंनी त्यांना हाका चालल्या होत्या. सव्वाअकराच्या सुमाराला जिन्याच्या दारातून मावशी आली.

आमच्याकडे सफाई करणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात, पण नुसतं 'मावशी' म्हटलं की ती ही, तिसऱ्या मजल्यावरची. बत्तीस वर्षांची नोकरी. अंगाने काडी, जिभेने तिखट. नव्या सिस्टरांना इंजेक्शन कसं द्यायचं ते आम्ही शिकवायचो, आणि रुग्णाकडे बघायचं कसं ते मावशी शिकवायची. मी नवीन होते तेव्हा मलाही तिनेच सांगितलं होतं, "सिस्टर, जो पोट धरून गडाबडा लोळतो ना, त्याला जरा दम धरवतो. जो हलतच नाही, त्याच्याकडे आधी बघायचं." पुस्तकात मी ते नंतर वाचलं.

ती जिना उतरून आली होती. तीन मजले. लिफ्ट फक्त रुग्णांसाठी आहे, कर्मचाऱ्यांनी वापरू नये, हेही परिपत्रकच. एक हात कठड्यावर, दुसरा पोटावर, अंगावर कामाचा निळा झगा तसाच. काउंटरपर्यंत पोहोचायला तिने इतका वेळ घेतला, की मी उठून उभी राहिले.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही हो. पोटात जरा दुखतंय कालपासून. एखादी गोळी द्या, जाते परत. वरचा व्हरांडा अर्धा राहिलाय."

"कालपासून? आणि आज कामावर आलात?"

"मग काय घरी बसून पोटाकडे बघत राहू?"

मी तिला ट्रॉलीवर झोपवलं. ती पाय पोटाशी घेऊन निश्चल पडून राहिली. ट्रॉली आत ढकलताना दारातल्या लोखंडी पट्टीवरून चाक गेलं. एवढासा धक्का बसला, तर तिने ओठ असे दाबले की ते पांढरे पडले. मी झग्याखालून पोटावर हात ठेवला. फळी. अक्षरशः फळी. हळूच दाबून हात पटकन उचलला, तेव्हा तिने माझं मनगट घट्ट पकडलं. नाडी एकशे अठरा होती, ताप होता, जीभ कोरडी पडली होती. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. मला कळलं. काहीच शंका राहिली नाही.

मी कागद घेतला. "मावशी, एक ते दहा. किती दुखतंय?"

"तीन."

"नीट सांगा."

"नीटच सांगतेय. तीन."

"चेहरा पांढराफटक पडलाय आणि तीन? मी आठ लिहिते, तुम्ही सही करा."

"सिस्टर, मी जळीत वॉर्डात सात वर्षं फरशी पुसलीये. दहा म्हणजे काय ते मला विचारा. पाठ सोललेली माणसं पट्टी काढताना जी ओरडतात ना, ते दहा. माझं आपलं तीन. तुमच्या समाधानासाठी सव्वातीन म्हणा."

"मावशी, थट्टा पुरे."

"थट्टा नाही. आठ लिहिलंत की डॉक्टरबाई त्या बसवाल्यांना सोडून माझ्याकडे येतील. ती पोरगी बघा, डोक्यातून किती रक्त जातंय. माझ्यापायी तिचं वाईट झालं तर मला कुठल्या तोंडाने झोप लागेल? खोट्या आकड्यावर मी सही करायची नाही."

बाहेरच्या माणसाने असं केलं नसतं. बाहेरचा माणूस करंगळी कापली तरी नऊ सांगतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्याने तेवढंच पाहिलेलं असतं. तीन म्हणणारी माणसं फक्त आमच्या इमारतीत सापडतात, कारण त्यांनी इथले दहा रोज पुसलेले असतात. हे परिपत्रक लिहिणाऱ्याच्या डोक्यात कसं यावं? तो जळीत वॉर्डात उद्घाटनाला तेवढा गेला होता.

मी लिहिलं: 'पोटात जरा दुखतंय. एखादी गोळी द्या.' आकडा तीन. मावशीने सही केली आणि मी कागद हिरव्या ट्रेमध्ये टाकला. हो, मीच टाकला.

टाकला आणि लगेच डॉक्टरबाईंकडे गेले. त्या एकाच्या कपाळावर टाके घालत होत्या.

"मॅडम, मावशीचं पोट कडक लागतंय. एकदा बघता का?"

"आकडा किती?"

"तीन. पण मॅडम, आकड्याचं सोडा. ती हलत नाहीये."

"सिस्टर, इथे सहा जण लालमध्ये आहेत. येते मी."

त्या बारा वाजता आल्या. दीड मिनिट. झग्यावरूनच पोट चाचपलं. मावशीने त्यांना सांगितलं, "तुम्ही जा हो, मला काही नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या, "काटक बायकांचं पोट असंच लागतं, सिस्टर." वेदनेचं इंजेक्शन लिहून दिलं आणि गेल्या. मला त्यांचा राग आला, तेव्हा फार आला. आता तितका येत नाही. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि त्यांच्या हातात मी जो कागद दिला होता त्यावर तीन लिहिलं होतं.

मी ऑपरेशन थिएटरला फोन लावला. तिथली सिस्टर माझ्याच बॅचची.

"सर आहेत का? एक पोट दाखवायचंय."

"आत आहेत. कागदावर काय लिहिलंय?"

"पोटात जरा दुखतंय. आकडा तीन."

"मग फोन कशाला केलास? यादीतला शब्द आहे का?"

"शब्द लिहायची मला परवानगी नाही, तुला माहीत आहे."

"मग डॉक्टरबाईंना लिहायला सांग ना. मी सरांना काय म्हणून बाहेर काढू?"

तिचंही बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि मावशी ट्रॉलीवर पडून होती. मी काउंटरवर येऊन बसले. बसवाल्यांचे नातेवाईक यायला लागले होते, त्यांना उत्तरं देत होते, आणि दर दहा मिनिटांनी जाऊन नाडी बघत होते. एकशे वीस. एकशे चोवीस. कागदाच्या मागच्या बाजूला आकडे लिहीत होते. आकडे लिहायला मला मुभा होती. त्या आकड्यांचा अर्थ लिहायला नव्हती. माझ्या अंगाची लाही लाही होत होती आणि मी मुकाट्याने आकडे लिहीत होते.

पावणेदोनला मावशीने मला हाक मारली. आवाज बरा वाटला.

"सिस्टर, थांबलं बघा. इंजेक्शन लागू पडलं. आता काहीच दुखत नाही. एक लिहा हवं तर."

डॉक्टरबाई बाजूनेच जात होत्या. त्यांनी ते ऐकलं, सुटल्यासारखं हसल्या आणि कागदावर लिहिलं: 'आराम. घरी पाठवावे. गरज पडल्यास पुन्हा यावे.'

हा आजार माणसाला इथेच फसवतो. आतलं फुटून काही तास झाले की मध्येच काही वेळ दुखणं कमी होतं, वर इंजेक्शनचा पडदा असतो. माणूस म्हणतो बरं वाटतंय. घरचे म्हणतात देव पावला. मावशीचे हात मी हातात घेतले तर ते गार पडले होते. नाडी एकशे चौतीस, बीपी खाली. कपाळावर घाम. आणि ती उठून बसायचा प्रयत्न करत होती, कारण व्हरांडा अर्धा राहिला होता.

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते सांगता येणार नाही. मी कागद उचलला आणि डॉक्टरबाईंच्या 'आराम'च्या वर, रुग्णाच्या तक्रारीच्या चौकोनात, मोठ्या अक्षरात लिहिलं: पेरिटोनायटिस. खाली माझी सही, हुद्दा आणि वेळ. दोन दहा. मग थिएटरला फोन केला आणि म्हटलं, "कागदावर शब्द आहे. तिसरा. सरांना बाहेर काढ."

सर्जन सात मिनिटांत आले. हातमोजे काढतच आले. पोटावर हात ठेवला आणि एकच वाक्य बोलले: "ही बाई सकाळपासून कुठे होती?"

मी ट्रॉलीचा ब्रेक काढला. 

अडीचला मावशीला आत घेतलं. जाताना तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "सिस्टर, तुम्ही माझ्या कागदावर काहीतरी भारी लिहिलंत म्हणे. तुम्हाला ओरडा बसेल." मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या होऊन या, मग आपण दोघी मिळून ओरडा खाऊ." ती हसली. दारातल्या पट्टीवर मी वॉर्डबॉयला ट्रॉली उचलून न्यायला लावली.

अपेंडिक्स फुटलेलं होतं, सगळ्या पोटात पू झाला होता. सर्जननी अडीच तास धुतलं. पहिल्या दिवशी वाटलं, निभावेल. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. तिसऱ्या दिवशी श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. मी ड्युटी संपली की वर जायची, तिच्या बाजूला स्टूलवर बसायची आणि मनातल्या मनात अधीक्षकांना लाखोली वाहायची. पाचव्या दिवशी सकाळी मावशी गेली. तिच्या मजल्यावरचं काम त्याच दिवशी दुसऱ्या बाईकडे दिलं गेलं, हजेरीत गॅप नको म्हणून.

पंधरा दिवसांनी मला चौकशीला बोलावलं. लांब टेबल, पलीकडे पाच खुर्च्या, अलीकडे एक. मध्ये अधीक्षक, एका बाजूला सर्जन, दुसऱ्या बाजूला डॉक्टरबाई, बाकी दोघे कार्यालयातले. माझ्यासमोर तोच कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला.

अधीक्षक म्हणाले, "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"निदानवाचक संज्ञा परिचारिकेने वापरू नये, हे परिपत्रक तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं. सही केली होती."

"म्हणजे जाणूनबुजून उल्लंघन केलंत."

सर्जन घसा साफ करून म्हणाले, "सर, एक सांगतो. शब्द बरोबर होता. त्यांनी तो लिहिला नसता तर मला ती केस दिसलीच नसती."

"शब्द बरोबर होता की चूक, हा आजचा विषयच नाही," अधीक्षक म्हणाले. "कुणी वापरला, हा विषय आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी सर्जनकडे पाहिलं, ते पेनाचं टोपण काढत-घालत बसले होते. मग कार्यालयातल्या एकाने मृत्यूचा अहवाल वाचून दाखवला. कारण: उदरावरणदाह. पुढच्या ओळीत, विलंबाच्या रकान्यात: 'रुग्ण उशिरा दाखल झाल्यामुळे.'

"उशिरा?" मी खुर्चीवरून उठले. "कुठून उशिरा आली ती? तिसऱ्या मजल्यावरून! जिन्याने! तुमची लिफ्ट तिला चालत नव्हती म्हणून जिन्याने! सव्वाअकराला माझ्यासमोर उभी होती. तीन तास इथे, ह्या छताखाली, माझ्या डोळ्यांदेखत पडून होती. आणि तुम्ही लिहिता रुग्ण उशिरा आला? लाज वाटत नाही?"

"सिस्टर, आवाज."

"आवाजाचंही परिपत्रक काढा!"

डॉक्टरबाई रडायला लागल्या. अधीक्षक मात्र हललेही नाहीत. त्यांनी शांतपणे दुसरा कागद माझ्याकडे सरकवला. टाइप करूनच आणला होता. त्यात लिहिलं होतं, की सदर संज्ञा मी डॉक्टरांच्या तोंडी सूचनेवरून लिहिली. एवढ्यावर सही केली की नियम मोडला गेला नाही, नोटीस मागे, डॉक्टरबाईंनीही वेळेत निदान केलं असं होतं, आणि विलंबाचा रकाना आहे तसा राहतो.

"सगळ्यांच्याच सोयीचं आहे," ते म्हणाले. "दोन दिवस घ्या. विचार करा."

मी कागद घडी घालून खिशात ठेवला. घरी नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, "कर सही. गेलेलं माणूस परत येणार आहे का?" मी त्याच्याशी त्या रात्री बोलले नाही. पण खोटं का सांगू, सकाळी कामावर निघताना तो कागद मी पर्समध्ये घेतला होता, आणि पेनही.

त्याच सकाळी मावशीची मुलगी काउंटरवर आली. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. बोटांना सुयांचे बारीक ठिपके. आईसारखीच काडी. हातात मृत्यूचा दाखला होता.

"सिस्टर, तुम्हीच ना त्या? आईने तुमचं सांगितलं होतं. मला ह्याचा अर्थ सांगाल? तिकडे खिडकीवर विचारलं तर म्हणाले, डॉक्टरी शब्द आहे, तुम्हाला कळायचा नाही."

तिने उदरावरणदाह ह्या शब्दावर बोट ठेवलं होतं.

मी तिला आत स्टूलवर बसवलं. म्हटलं, "तू कोट शिवतेस ना?"

"हो."

"कोटाला आतून काय असतं?"

"अस्तर."

"पोटालाही आतून तसंच अस्तर असतं. अपेंडिक्स फुटलं, त्यातली घाण अस्तरावर पसरली, आणि अस्तराला सूज आली, ते पेटलं. मग ते विष अंगभर गेलं. ह्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे."

ती ऐकत होती. मान हलवत होती, काम समजावून घेताना हलवतात तशी.

"ह्यावर उपाय असतो?"

"असतो. पोट उघडून धुवायचं. लवकर."

"लवकर म्हणजे?"

"जितकं लवकर तितकं."

तिने बोट खालच्या ओळीवर नेलं. "मग हे काय लिहिलंय? उशिरा दाखल. आई तर इथेच होती ना, सिस्टर? सकाळी सातला कामावर आली होती. मीच तिला स्टॉपवर सोडलं."

 माझ्या मागे काचेत ती पाच शब्दांची यादी होती, आणि पर्समध्ये तो टाइप केलेला कागद.

"हा तिचा आजार तुम्हाला कधी कळला?" तिने विचारलं. आवाज चढवून नाही. खरोखर माहीत करून घ्यायचं म्हणून.

"अकरा वीसला."

"आणि लिहिला कधी?"

"दोन दहाला."

तिने बोटांवर हिशेब केला. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. दोन तास पन्नास मिनिटं. पंधरा दिवस मी अधीक्षकांवर, परिपत्रकावर, डॉक्टरबाईंवर, थिएटरच्या सिस्टरवर जळत होते. नोटीस घेऊन वणवण फिरत होते, की बघा, मी शब्द लिहिला म्हणून मला शिक्षा. आणि पाच माणसांच्या त्या टेबलावर एकानेही मला खरा प्रश्न विचारला नव्हता. तो हिने विचारला.

"का?" ती म्हणाली.

"घाबरले," मी म्हटलं. "मला भांडारात पाठवतील म्हणून घाबरले."

 मला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डोळे पुसले, दाखला काउंटरवर सपाट पसरला आणि म्हणाली, "हे मला लिहून द्या. तुम्ही आत्ता जे बोललात ते सगळं. वेळेसकट."

मी पर्समधला तो टाइप केलेला कागद काढला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. मावशी किती वाजता आली, कुठून आली, कशी आली. पोटाला हात लावला तेव्हा काय लागलं. मला काय कळलं, कधी कळलं, आणि मी ते किती वेळ लिहिलं नाही. कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असं वेगळ्या ओळीत लिहिलं. मुलगी शेजारी उभी राहून प्रत्येक ओळ वाचत होती. बाहेर दोन रुग्ण ताटकळले होते, त्यांना मी थांबायला सांगितलं. शेवटी नाव, हुद्दा आणि सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने तो पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. मग माझ्यासमोर धरून एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे तुम्ही 'उशीर झाला' असं लिहिलंय," ती म्हणाली. "'मी उशीर केला' असं लिहा."

मी ते खोडलं आणि तसं लिहिलं.